गॉगल, दिशा आणि शिफ्ट : एक अनावश्यक प्रबंध

विषयप्रवेश

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्राला कागदोपत्री पाच तारे आहेत. सहावा रोज सकाळी हुपरीच्या बाजूने वर येतो आणि त्याच्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा काडीचाही ताबा नाही. महामंडळ १९६२ सालचं, तारा त्याच्या बराच आधीचा. सेवाज्येष्ठतेचा प्रश्न येतो. प्लॉट, पाणी, वीज आणि रस्ते यांची व्यवस्था महामंडळाने लावली. डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाची व्यवस्था ज्याची त्याने लावायची, असा दंडक आपोआप पडला. त्या व्यवस्थेचं नाव गॉगल.

एवढ्या महत्त्वाच्या वस्तूवर या भागात शास्त्रशुद्ध चिंतन झालेलं नाही. जे काही सांगितलं जातं ते चेहऱ्याच्या आकाराशी येऊन थांबतं: तुमचा चेहरा गोल की चौकोनी, मग अमुक फ्रेम घ्या. हे ज्ञान एसी दुकानात आरशासमोर स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकासाठी ठीक आहे. ज्याला सात वाजता पंचिंग करायचं आहे आणि जो सव्वासहाला हेल्मेट शोधतो आहे, त्याच्या चेहऱ्याला आकार असतो की नसतो हाच वादाचा मुद्दा आहे. प्रस्तुत प्रबंधाचं प्रतिपाद्य असं की, कागल क्षेत्रात गॉगल निवडताना आधी घर कोणत्या दिशेला हे विचारावं, मग शिफ्ट कोणती, आणि त्यातून काही शिल्लक राहिलं तर चेहरा.

लक्षणविचार

प्रथम व्याख्या. ‘डोळ्यांवर घातलेली काळी काच म्हणजे गॉगल’ असं म्हणावं तर अतिव्याप्ती होते. वेल्डरच्या हातातल्या ढालीची काच काळीच असते आणि भट्टीत डोकावणारा निळी काच डोळ्यासमोर धरतो. त्यांना कुणी गॉगल म्हणत नाही. शिवाय मोतीबिंदूच्या शिबिरात मिळालेला तो काळा चष्मा आहेच. ऑपरेशनला काही वर्षं उलटून गेली तरी आजोबा तो सोडत नाहीत आणि कसबा सांगावच्या स्टँडवर तो लावून बसलेल्या माणसाइतका भारदस्त माणूस आख्ख्या एमआयडीसीत सापडत नाही.

बरं, डोळ्यांवरची अट कडक करावी तर अव्याप्ती होते. कारण गॉगल डोळ्यांवर असतो तितकाच वेळ कपाळावर, टोपीच्या वर, शर्टाच्या दुसऱ्या बटणात अडकवलेला किंवा बुलेटच्या आरशाला लटकवलेला असतो. आणि फ्लेक्सवर तर तो चोवीस तास असतो. कागलातल्या कुठल्याही चौकात उभं राहून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक पाहावा. मधोमध दादा, कमरेवर हात, डोळ्यांवर गॉगल. खाली मित्रपरिवाराची लहान लहान डोकी, त्यांतल्या बऱ्याच जणांना गॉगल. रात्री फलकावर हॅलोजन लागतो तेव्हाच त्या गॉगलांचा खऱ्या अर्थाने उपयोग होत असावा.

सर्व बाजूंनी विचार करता निर्दोष लक्षण असं करता येईल: ज्याच्या आडून घालणाऱ्याला सगळं दिसतं, पण तो कुठं बघतो आहे हे समोरच्याला दिसत नाही, तो गॉगल. या लक्षणाला प्राचीन आधार आहे. चीनमधले न्यायाधीश साक्षी ऐकताना चेहऱ्यावरचे भाव लपवण्यासाठी धुरकट स्फटिकाची भिंगं लावत असं सांगितलं जातं. आमच्याकडे ही परंपरा शॉपफ्लोअरवर राउंडला येणाऱ्या साहेबांनी चालू ठेवली आहे.

इतिहासाची एक कडी

गॉगलचा इतिहास सांगताना लोक समुद्रकिनाऱ्याकडे धाव घेतात. अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर १९२९ साली सॅम फॉस्टरने स्वस्त गॉगल विकायला सुरुवात केली, मग नटनट्या आल्या, मग रे-बॅन आली, वगैरे. त्याच्या कित्येक शतकं आधी ध्रुवाकडचे इनुइट लोक बर्फावरून परतणारं ऊन अडवायला हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बारीक आडवी चीर पाडून ती डोळ्यांवर बांधत, हेही खरं. पण कागलच्या वाचकाने लक्षात ठेवावा असा माणूस वेगळाच आहे. त्याचं नाव सर विल्यम क्रुक्स.

काचेच्या भट्टीपुढे आयुष्य घालवणाऱ्या कामगारांना लवकर मोतीबिंदू होतो, ही गोष्ट इंग्लंडात लक्षात आली होती. रॉयल सोसायटीने त्यासाठी समिती नेमली. समिती नेमल्यावर काहीतरी निष्पन्न झालं, ही त्या काळची अद्भुत गोष्ट म्हणावी लागेल. क्रुक्सने काचेत सिरियमसारखी निरनिराळी द्रव्यं मिसळून तीनशेच्या वर मिश्रणं तपासली आणि १९१३ साली उष्णतेचे व अतिनील किरण अडवणाऱ्या काचा मांडल्या. अतिनील किरणांवर शास्त्रीय हत्यार उगारलं गेलं ते भट्टीवर काम करणाऱ्यांसाठी; किनाऱ्यावर पडून राहणाऱ्यांनी ते नंतर उचललं. त्यामुळे फाउंड्रीतला पोरगा सुटल्यावर गॉगल लावून गेटबाहेर पडतो तेव्हा ‘ह्याला कशाला पाहिजे हे फॅड’ असं म्हणणाऱ्याने क्रुक्सचा इतिहास वाचावा. बिडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास ओतायचा असतो. गॉगलवर पहिला वारसाहक्क त्या पोराचा.

विमानाची कथाही इथे जोडून घ्यावी. १९३७ साली बाजारात आलेला तो थेंबाच्या आकाराचा गॉगल वैमानिकांसाठी होता. वैमानिकाला वर आकाश आणि खाली डॅशबोर्डवरची घड्याळं दोन्ही बघायची असतात, म्हणून काच गालापर्यंत उतरवलेली. आज तो घालून रोज उजळाईवाडीच्या विमानतळाजवळून जाणारे कित्येक जण विमानात कधी बसलेले नाहीत. पण मोटरसायकलवर बसून स्पीडोमीटरकडे खाली बघणाऱ्याला तो आकार अगदी त्याच कारणाने सोयीचा पडतो. फॅशनला एवढं सबळ कारण क्वचित लाभतं.

पूर्वपक्ष आणि त्याचं खंडन

पूर्वपक्ष असा: फ्रेम चेहऱ्याच्या उलट असावी. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम, चौकोनी जबड्याला गोलसर, कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर खालून जड दिसणारी. फ्रेमची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीएवढी. भुवया काचेच्या वरच्या कडेशी समांतर. हसल्यावर गाल काचेला लागू नयेत. हे सगळं मान्य आहे. आरशासमोर उभं राहून एकदा मोठ्याने हसून बघावं, हा नियम तर सर्वांनी पाळावा, कारण दुकानात माणूस कधीच हसत नाही आणि फ्रेमची खोट घरी आल्यावर कळते.

पण कागल क्षेत्रात या पक्षावर तीन आक्षेप येतात. पहिला हेल्मेटचा. हेल्मेटमधून दिसतो तो चेहऱ्याचा पट्टा. हनुवटी आणि कपाळ हे भूमितीतून बाद. तिथे आकारापेक्षा काडी महत्त्वाची. कानामागे जास्त वळलेली, जाड काडी हेल्मेटच्या स्पंजखाली कानशिलावर रुतते आणि गोकुळ शिरगाव येईपर्यंत डोकं ठणकू लागतं. सरळ, बारीक काडी घ्यावी, आणि हेल्मेट घातल्यावर मग गॉगल सरकवावा. उलट क्रम करणाऱ्याची फ्रेम वाकडी होते.

दुसरा आक्षेप ओढणीचा. गारमेंट आणि सूतगिरणीकडे स्कुटीवरून जाणाऱ्या पोरी व वैनी ओढणी अशी काही गुंडाळतात की सीसीटीव्हीनेही हात टेकावेत. तिथे दिसतो तो गॉगलच. म्हणजे गॉगल चेहऱ्याला शोभतो का, हा प्रश्नच गळून पडतो, कारण गॉगल हाच चेहरा. अशा वेळी काच मोठी घ्यावी. मोठ्या काचेने फटीतून शिरणारी धूळही अडते आणि ओढणीची वरची कड तिच्याखाली दाबून बसते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: युनिफॉर्म. एकाच कापडाचा, एकाच रंगाचा, खिशावर कंपनीचं नाव भरलेला शर्ट, पायात सेफ्टी शूज. सकाळी गेटवर हजार माणसं उभी केली तर आईलासुद्धा पोरगा शोधायला वेळ लागेल. बूट कंपनीने निवडले, टोपी कंपनीने निवडली, जेवायची वेळ कंपनीने ठरवली. माणसाने स्वतः निवडलेली, स्वतःच्या पैशाने घेतलेली, अंगावर दिसणारी एकच वस्तू उरते आणि ती शंभर-दीडशे रुपयांची असते. ती ‘चेहऱ्याला शोभून दिसते’ की नाही हे मोजायला फूटपट्टी घेऊन बसणाऱ्याला माणसं कळत नाहीत, एवढंच नम्रपणे नमूद करतो.

दिशासिद्धांत

आता मुख्य सिद्धांत. एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांचे सूर्याच्या दृष्टीने तीन संप्रदाय आहेत.

पहिला, शहरवासी. कोल्हापुरातून निघून उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कणेरीवाडी करत हा माणूस महामार्गाने आग्नेयेला उतरतो आणि लक्ष्मी टेकडीपाशी डावीकडे, पूर्वेला वळतो. सकाळी सूर्य समोर. संध्याकाळी तो पश्चिमेला, मग वायव्येला परततो. सूर्य पुन्हा समोर. म्हणजे जनरल शिफ्टच्या शहरवासीयाला देवाने दिवसात दोनदा सूर्यासमोर उभं केलं आहे. त्यातही बारकावा आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य नेमक्या पूर्वेला न उगवता सुमारे २४ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, म्हणजे रस्त्याची आणि त्याची दिशा जवळपास एक होते. म्हणून हिवाळ्यात सकाळ वाईट. मे महिन्यात मावळताना तो पश्चिमेच्या उत्तरेकडे सरकतो, म्हणून तेव्हा संध्याकाळ वाईट. जून लागला की ढग येतात आणि हा प्रश्न निसर्गच मिटवतो.

दुसरा, पूर्ववासी: हुपरी, रेंदाळ, इचलकरंजी. सकाळी हे पश्चिमेकडे येतात, ऊन पाठीला. संध्याकाळी पूर्वेकडे जातात, ऊन पुन्हा पाठीला. जनरल शिफ्टच्या पूर्ववासीयाला गॉगलची शून्य गरज आहे. आणि गंमत अशी की सगळ्यात देखणे गॉगल त्यांच्याच डोळ्यांवर दिसतात. गरज नसली की निवड मोकळी होते. कला अशीच जन्माला येते. निळा, जांभळा, आरशासारखा चमकणारा, ज्यात समोरच्याने केस नीट करून घ्यावेत असा प्रत्येक प्रकार पूर्वेकडूनच येतो. शहरवासी मात्र गडद करड्या काचेत डोळे बारीक करून येताना दिसतो.

तिसरा संप्रदाय निपाणीकरांचा. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून हे उत्तरेकडे येतात तेव्हा पूर्व उजव्या हाताला. संध्याकाळी दक्षिणेकडे परततात तेव्हा पश्चिम उजव्या हाताला. जाताना उजवीकडून, येताना उजवीकडून! यांना समोरची काच कितीही काळी असली तरी उपयोग नाही. ऊन काडी आणि डोळा यांच्या फटीतून शिरतं. त्यांनी कानापर्यंत वळलेली, गालाला लगटणारी फ्रेम किंवा रुंद पट्टीसारखी काडी घ्यावी. एकाच काडीचा गॉगल कुणी काढला तर त्याची पहिली एजन्सी निपाणीत द्यायला हरकत नाही.

मुरगूडकडचे नैर्ऋत्येकडून येतात. त्यांचं ऊन ऋतूप्रमाणे कुठूनही येतं. त्यांनी टोपी वापरावी.

इथपर्यंत सिद्धांत सरळ आहे. गुंता होतो तो शिफ्टमुळे. तीनच्या सेकंडला जाणारा शहरवासी दुपारी निघतो, ऊन मागे. रात्री परततो, ऊनच नाही. अकराच्या थर्डला जाणारा शहरवासी सकाळी सातला सुटून पश्चिमेकडे जातो, ऊन मागे. पण थर्ड करून घरी निघालेला हुपरीकर! रात्रभर जागून तांबारलेले डोळे, आणि बाहेर पडल्या पडल्या उगवता सूर्य नाकासमोर, घरापर्यंत. ज्या पूर्ववासीयाला इतर वेळी गॉगल हा केवळ अलंकार, त्यालाच थर्डच्या आठवड्यात आख्ख्या क्षेत्रातल्या सर्वांत चांगल्या गॉगलची गरज पडते. शिफ्ट आठवड्याला फिरते, म्हणून गरजही फिरते. युनियनने आजवर दिशाभत्त्याची मागणी कशी केली नाही, याचं आश्चर्य वाटतं.

मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भर दुपारी सूर्य कोल्हापूर परिसरात बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्या क्षणी तिन्ही संप्रदाय समान होतात आणि कँटीनमध्ये असतात.

काडीलेखांचं वाचन

फ्रेमच्या डाव्या काडीच्या आत, कानाच्या बाजूला, बारीक अक्षरांत काही आकडे कोरलेले असतात. बहुतेकांना तो मॉडेल नंबर वाटतो. वस्तुतः हा शिलालेखच होय. ५८, मग एक छोटा चौकोन, मग १४, मग १३५ असं असेल, तर एका काचेची रुंदी ५८ मिलिमीटर, नाकावरचा पूल १४ आणि काडीची लांबी १३५. वैमानिकी गॉगलचा हा प्रसिद्ध आकार. जाड प्लास्टिकच्या वेफेररमध्ये ५०, २२ आणि १५० असं सापडतं. नाक बसकं असेल तर पुलाचा आकडा आणि नाकाच्या गाद्या बघाव्यात. नाहीतर गॉगल घसरत घसरत मिशीशी सलगी करतो. व्हर्निअर हाताळणाऱ्या माणसाला हे सांगायची खरं तर लाज वाटते. दिवसभर जॉब मायक्रॉनमध्ये मोजणारा ऑपरेटर स्वतःच्या नाकाच्या बाबतीत ‘बघू, बसतोय का’ एवढ्यावर भागवतो.

कधी तिथे ‘कॅट ३’ असंही असतं. ही काळेपणाची इयत्ता. शून्य ते चार. तिसरीची काच १०० पैकी ८ ते १८ भाग उजेड आत सोडते. आपल्या उन्हाला पुरेशी. चौथी फारच गडद, ती घालून गाडी चालवायची नसते. रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून पिवळ्या काचा विकतात, त्यांनी समोरचा माणूस लवकर दिसत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. ऊसतोडणीच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून रात्री जाणाऱ्याने उजेड आणखी कमी करून घेण्यात शहाणपण नाही.

खरेदीप्रकरण

कागलात गैबीच्या उरुसात आणि एरवी स्टँडच्या आसपास, थर्माकोलच्या पाटीवर गॉगल टोचून विक्रेता उभा असतो. तिथला एक संवाद, संशोधनमूल्यामुळे, जसाच्या तसा देतो.

“बघ की भावा घालून. बघायला पैसं पडत न्हाईत.”

“केवड्याला?”

“दोनशे. तुला म्हणून दीडशे.”

“शंभर देतो.”

“आरं मर्दा, ओरिजनल हाय. ह्ये बघ, काचंवर लिवलंय, यूव्ही चारशे.”

“चारशे लिवलंय आन् दीडशेला देतोस? मग ओरिजनल कसा?”

विक्रेता निरुत्तर झाला आणि सौदा एकशेवीसला तुटला. वास्तविक ४०० हा भाव नव्हे. ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी, म्हणजे सगळे अतिनील किरण, ही काच अडवते असा तो दावा. दावा खरा की खोटा, हे काळेपणावरून कळत नाही. आणि इथेच खरी मेख आहे. काच नुसती काळी असेल आणि अतिनील किरण अडवत नसेल, तर अंधार झाला असं समजून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि त्या किरणांना दरवाजा सताड उघडा मिळतो. असला गॉगल लावण्यापेक्षा डोळे बारीक केलेले बरे.

परीक्षा सोपी आहे. नोटा तपासायचा तो जांभळट दिवा बऱ्याच दुकानांत असतो. त्याखाली नोट धरली की तिच्यावरचे नंबर झळकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरावी. झळाळी गेली तर काच काम करते. झळाळी तशीच राहिली तर गॉगल पाटीवर परत टोचावा. दुसरी परीक्षा सरळपणाची: हात लांब करून काचेतून खिडकीचा गज बघावा आणि काच हळूहळू हलवावी. गज लाटेसारखा हलला तर काच सदोष, डोकं दुखणार. (त्या ‘यूव्ही ४००’च्या स्टिकरबद्दल पंडितांत दोन तट आहेत: काढणारे आणि राखणारे. राखणारे त्याच्या भोवतीने जग बघतात. त्यांचा युक्तिवाद असा की, स्टिकर काढला तर संरक्षण कुठं लिहिलेलं राहणार?)

पोलराइज्ड काचेबद्दल दोन शब्द. रस्ता, पाणी, पुढच्या गाडीचा टप यांवरून आडवी परतणारी तिरीप ही काच गाळते. शहरवासी जनरल शिफ्टवाल्याने पैसे खर्चायचे तर इथेच खर्चावेत. खरी की खोटी ते मोबाइलच्या स्क्रीनसमोर गॉगल फिरवून बघावं. एका कोनात स्क्रीन काळा पडला तर खरी. पण हाच गुण आत दोष ठरतो. सीएनसीच्या पॅनलसमोर तो लावून मान कलती केली की आकडे गायब होतात, आणि मेंटेनन्सला फोन जातो.

उजेडात काळ्या होणाऱ्या काचा बहुधा केबिनवाल्यांकडे असतात. साठच्या दशकात अशा काचा निघाल्या तेव्हा त्यांच्यातली जादू होती चांदीच्या क्षारांची. प्लास्टिकच्या काचा नंतर आल्या. शेजारी चांदीचं आख्खं गाव हुपरी असताना या विद्येचा मान पैंजणांनाच का मिळाला, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय. या काचा उन्हातल्या अतिनील किरणांवर चालतात, म्हणून गाडीच्या पुढच्या काचेमागे नीट काळ्या होत नाहीत. थंडीत जास्त काळ्या होतात आणि मेच्या उकाड्यात कमी, म्हणजे नको तेव्हा जास्त आणि हवं तेव्हा कमी. आत आल्यावर उजळायला काही मिनिटं घेतात. तेवढ्या वेळात साहेबांचा मूड कसा आहे ते कळत नाही आणि रजेचा अर्ज पुढे करावा की नाही, हा प्रश्न लोंबकळत राहतो.

निगाप्रकरण

या क्षेत्रात धूळ तीन प्रकारची. फाउंड्रीच्या बाजूची वाळू, गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतून उडणारी चिपाडाची काजळी आणि सूतगिरणीकडचा कापसाचा तूस. तूस निरुपद्रवी, फुंकर मारली की जातो. काजळी चिकट. खरी वैरीण वाळू. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ काचेपेक्षाही कठीण. प्लास्टिकच्या काचेची तर कथाच नको. वाळूचे कण काचेवर बसलेले असताना माणूस शर्टाचं टोक धरतो आणि गोल गोल घासतो. तो साफ करत नसतो, पॉलिश पेपर मारत असतो. दिवसभर फेटलिंगमध्ये ग्राइंडर चालवणाऱ्याला हे पटायला हरकत नसावी.

म्हणून आधी पाणी. नळाखाली काच धरावी, कण वाहून जाऊ द्यावेत, मग साध्या साबणाचा एक थेंब बोटांनी फिरवावा, पुन्हा पाणी, आणि मऊ मायक्रोफायबरने टिपावं. ते कापडही अधूनमधून धुवावं. कॉटन वेस्टला हात लावू नये. थिनरला तर नावही घेऊ नये. हात साफ करायला जे चालतं ते पॉलिकार्बोनेटच्या काचेवर गेलं की बारीक भेगांची जाळी पडते आणि जग कायमचं धुक्यात जातं.

गॉगल काढताना दोन्ही हातांनी काढावा. एका हाताने ओढून काढण्यात रुबाब आहे, पण त्याने एक काडी फाकते आणि महिनाभरात गॉगल एका भुवईवर चढतो. डोक्यावर ठेवल्यानेही काड्या फाकतात, वर केसांचं तेल काचेला लागतं. शर्टाच्या बटणात अडकवला तर खाली पडलेला स्पॅनर उचलायला वाकताच तोही स्पॅनरशेजारी जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात तळहात टेकवत नाही, तिथे फ्रेम ठेवली तर ती डॅशबोर्डच्या आकाराची होते. ठेवायचा तर काचा वर करून, आणि शक्यतो डबीत. डबी दुकानदार देतो. ती घरी सुया-बटणं ठेवायला लागते, ही वेगळी गोष्ट.

घामामुळे नाकाच्या गाद्यांपाशी हिरवट थर धरतो. तांबं असलेल्या धातूवर घाम बसला की तसं होतं. मऊ ब्रश आणि साबण, एवढाच उपाय. बिजागरीचा स्क्रू ढिला झाला तर घड्याळजीच्या पेचकसाने आवळून वर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब द्यावा. स्क्रू हरवलाच तर तांब्याची तार ओवून पीळ मारायची पद्धत या क्षेत्रात रूढ आहे आणि त्या जोडाची ताकद मूळ स्क्रूहून जास्त असते, याची ग्वाही कुठलाही वाइंडर देईल.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेचा अपवाद इथे नोंदवावा लागतो. तिथे भंडारा असा उधळतात की माणूस, घोंगडं, छत्र्या, रस्ता सगळं पिवळंधमक होतं. काचेवर बसलेला भंडारा घासून काढला तर फ्रेमच्या खाचेत कायमचा जाऊन बसतो. जाणते लोक तो काढतही नाहीत. यात्रेनंतर कामावर आलेल्याच्या गॉगलच्या कडेला पिवळी रेघ दिसली की तो कुठं जाऊन आला ते विचारावं लागत नाही.

अनुषंगिक प्रश्न: सेफ्टी गॉगल

कारखाने अधिनियम, १९४८ याचं कलम ३५ खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी होतं. त्यामुळे कंपनी जो पारदर्शक सेफ्टी गॉगल देते तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो. पॉलिकार्बोनेट रंगहीन असलं तरी मुळातच जवळपास सगळे अतिनील किरण अडवतं. म्हणजे फुकट मिळालेला, कुणालाही न शोभणारा हा गॉगल स्टँडवरच्या एकशेवीसच्या काळ्या गॉगलहून बऱ्याचदा जास्त संरक्षण देतो. हे सत्य सर्वांना माहीत झालं तरी गेटवर सुटण्याच्या वेळचा सोहळा बदलणार नाही: एक हात सेफ्टी गॉगल काढतो, दुसरा काळा चढवतो, आणि त्या दोन हातांच्या मधल्या क्षणी माणूस कंपनीचा राहत नाही.

सेकंड शिफ्टवाल्यांचं मात्र उलट आहे. रात्री सुटल्यावर उसाच्या फडांमधून गाडी काढताना चिलटं आणि किडे थेट डोळ्यांत शिरतात. काळा गॉगल लावता येत नाही, उघड्या डोळ्यांनी जाववत नाही. तेव्हा कामाला येतो तो पारदर्शकच. तो घालून घरी जायचं, दुसऱ्या दिवशी घालून यायचं. पण तो कंपनीचा माल. बाहेर न्यायचा तर गेटपास लागतो. एका कंपनीच्या गेटवर यावरून बराच खल झाला. गॉगल स्टोअरमधून निघालेला, तेव्हा माल. मालाला पास पाहिजे. पण पास माणसाच्या अंगावरच्या वस्तूंना लागत नाही. चप्पल-शर्टाला कुणी पास मागत नाही. मग हा अंगावरचा की मालातला? सिक्युरिटीवर बसलेल्या, मिलिटरीतून रिटायर झालेल्या मामांनी रजिस्टर मिटलं आणि निकाल दिला:

“नाकावर हाय तवर माणूस. खिशात गेला की माल.”

तेव्हापासून त्या गेटमधून रात्री अकराला बाहेर पडणारी झाडून सगळी माणसं, बसने जाणारीसुद्धा, सेफ्टी गॉगल लावूनच बाहेर पडतात.